वाचकांचे प्रश्न : फर्नेस चालू आहे, पण घर तापत नाही

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप ठरतो. उत्तर अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच वाचकांच्या घरी नैसर्गिक वायूवर चालणारी, तळघरातून गरम हवा खोल्याखोल्यांत पोहोचवणारी फर्नेस असते. ती वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करते आणि बाहेर उणे पंधरा असताना, तेही शनिवारी रात्री, रुसून बसते. मराठीत तिला भट्टी म्हणता आले असते, पण तसे कोणाच्याही घरी म्हणत नाहीत, म्हणून येथेही फर्नेसच म्हटले आहे. आलेल्या पत्रांपैकी काहींना खाली उत्तरे दिली आहेत. ज्या दोन-तीन पत्रांत पुरेसा तपशील नव्हता, त्या वाचकांनी फर्नेस नेमकी कितव्या मिनिटाला काय करते ते घड्याळ लावून पाहावे आणि पुन्हा लिहावे.

प्रश्न : थर्मोस्टॅट 21 अंशांवर ठेवूनही घर 18 च्या वर जात नाही. सुरुवातीला पाच-सात मिनिटे चांगली गरम हवा येते, मग पंखा चालूच राहतो पण हवा गार होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा गरम येऊ लागते. फर्नेस नऊ वर्षांची आहे. यंदा मुलाच्या ॲलर्जीमुळे अधिक बारीक धूळ पकडणारा फिल्टर लावला आहे. गॅस कमी दाबाने येत असेल का? (मिसिसागा, ऑन्टारियो)

उत्तर : गॅसवरचा संशय तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपल्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात बहुधा उत्तर आहे. फर्नेसमधली ज्वाला आणि आपण श्वासात घेतो ती हवा यांच्यामध्ये धातूच्या पोकळ नळ्यांचा किंवा पेट्यांचा एक भाग असतो, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. त्याच्या आतून जळालेले तप्त वायू जातात, बाहेरून ब्लोअरने, म्हणजे मोठ्या पंख्याने, ढकललेली घरातली हवा वाहते, आणि ही हवा धातूची उष्णता उचलून खोल्यांकडे नेते. म्हणजे घर तापवण्याबरोबरच तो धातू आटोक्यात ठेवण्याचे कामही हीच हवा करत असते. हवा कमी पडली की धातू प्रमाणाबाहेर तापतो, तेथे बसवलेला लिमिट स्विच बर्नर विझवतो आणि ब्लोअर मात्र धातू निवावा म्हणून फिरत राहतो. आपल्या अंगावर येणारी गार हवा ती हीच. धातू निवला की स्विच पुन्हा जुळतो, ज्वाला पेटते आणि तोच फेरा सुरू होतो. घर गार राहते, कारण फर्नेस आतल्या आत फार तापते आहे.

खात्री करून घेणे सोपे आहे. फर्नेस बंद करून फिल्टर बाहेर काढावा आणि अर्धा तास फिल्टरविना चालवून पाहावी. या अर्ध्या तासात मधूनच गार हवा येणे थांबले, तर दोषी सापडला. फिल्टर नवा आहे एवढ्यावरून त्याला निर्दोष ठरवता येत नाही. फिल्टरच्या चौकटीवर मर्व्ह नावाचा आकडा छापलेला असतो. तो जितका मोठा तितकी बारीक धूळ अडते, आणि सहसा हवेलाही तितका जोर लावावा लागतो. एक इंच जाडीच्या चौकटीत मर्व्ह 13 चा फिल्टर अनेक घरांतल्या ब्लोअरला जड जातो. तेथे 8 ते 11 चा फिल्टर लावावा. ॲलर्जीमुळे 13 च हवा असेल, तर तंत्रज्ञाकडून चार इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घ्यावी. त्यातल्या कागदाच्या घड्या खोल असल्याने क्षेत्रफळ वाढते आणि हवेची कोंडी होत नाही. चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेला असावा, हेही एकदा पाहून घ्यावे.

फिल्टरच्या खोक्यावर तीन महिने टिकण्याची ग्वाही असते, ती आपल्या स्वयंपाकाला विचारून दिलेली नसते. रोज दोन वेळा फोडणी होणाऱ्या घरात तेलाचा सूक्ष्म अंश हवेबरोबर फिरतो, त्यावर धूळ आणि कपड्यांचे तंतू बसतात आणि सहा आठवड्यांत फिल्टरवर करड्या नमद्यासारखा थर धरतो. फिल्टर दिव्यासमोर धरावा. पलीकडचा उजेड दिसला नाही तर खोक्यावरची तारीख विसरून तो बदलावा.

फिल्टर काढूनही फेरा तसाच राहिला, तर हवेची वाट पुढे कोठे अडली आहे ते पाहावे. सोफ्यामागे किंवा गालिच्याखाली दडपलेली परतीची जाळी, म्हणजे खोलीतली हवा फर्नेसकडे परत नेणारी जाळी, हे एक नेहमीचे ठिकाण आहे. दुसरे म्हणजे आपण हौसेने बंद केलेले व्हेंट, म्हणजे खोलीत गरम हवा सोडणाऱ्या जाळ्या. न वापरण्याच्या खोलीतला दिवा मालवावा हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेले असते, आणि त्याच न्यायाने पाहुण्यांच्या खोलीतले, तळघरातले, कोठीतले व्हेंट बंद होतात. पण ज्वाला काही त्या प्रमाणात लहान होत नाही, उष्णता तेवढीच निर्माण होते आणि ती वाहून नेणारी हवा घटते. सगळे व्हेंट उघडून पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर वातानुकूलन यंत्राची कॉइल पाहून घ्यावी लागेल. पुष्कळ घरांत ती फर्नेसच्या डोक्यावर त्याच हवेच्या मार्गात असते, आणि मागे कधी फिल्टरशिवाय यंत्र चाललेले असेल तर तिच्या पात्यांवर धुळीचे जाजम अंथरलेले सापडते. ती कॉइल, ब्लोअरचे चाक आणि त्याचा कपॅसिटर ही कामे तंत्रज्ञावर सोपवावीत. तो येईपर्यंत स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने परतीच्या हवेचे आणि फर्नेसजवळच्या व्हेंटमधून येणाऱ्या हवेचे तापमान टिपून ठेवावे. या दोहोंत किती फरक असावा ते फर्नेसवरच्या माहितीच्या पट्टीवर छापलेले असते, उदाहरणार्थ 35 ते 65 अंश फॅरनहाइट. फरक त्याहून जास्त निघाला तर हवा कमी पडते आहे, हे त्याला आकड्यानिशी सांगता येईल.

प्रश्न : फर्नेसमध्ये ज्वाला पेटलेली दिसते आणि चार-पाच सेकंदांत विझते. असे तीनदा होते आणि मग सगळे शांत. मुख्य बटण बंद करून चालू केले की कधी तासभर, कधी दिवसभर नीट चालते. नवी फर्नेस घ्यावी का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : घाई करू नये. आधी एकदा फर्नेससमोर खुर्ची टाकून तिचा क्रम ऐकावा. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की प्रथम लहान इंड्यूसर पंखा घरघरतो आणि धूर बाहेर काढण्याची वाट मोकळी करतो. ती खरोखर मोकळी आहे याची साक्ष प्रेशर स्विच देतो. मग इग्नायटर लालभडक होतो, गॅसची झडप खट्कन उघडते, ज्वाला पेटते, आणि अर्ध्या ते एका मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो. आपल्याकडे ज्वाला पेटेपर्यंत सर्व यथास्थित आहे. ज्वाला पेटली असूनही ती पेटल्याचे फर्नेसला कळत नाही, म्हणून काही सेकंदांत ती सुरक्षिततेसाठी गॅस बंद करते, ठरावीक वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि मग स्वतःला कुलूप घालून घेते.

ज्वाला ओळखण्याचे काम एक साधी काडी करते. बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड, दोन-तीन इंच लांब, मुळाशी चिनी मातीची पांढरी बाही असलेली ही काडी म्हणजे फ्लेम सेन्सर. ज्वालेतून अत्यल्प वीज वाहू शकते. काडी लहान आणि बर्नरचे तोंड मोठे असल्याने ती एकाच दिशेने अधिक वाहते, आणि हा सूक्ष्म एकदिश प्रवाह सर्किट बोर्ड मोजत असतो. तो सहसा 1 ते 6 मायक्रोअँपिअर एवढाच असतो. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. त्यामुळे काडीवर डोळ्यांना जेमतेम दिसणारा पांढुरका थर बसला तरी प्रवाह घटतो आणि ढणढण पेटलेली ज्वाला बोर्डाच्या लेखी नसतेच.

हाताला स्क्रूड्रायव्हरची सवय असलेल्या माणसाला ही काडी घरी पुसता येते. थर्मोस्टॅट बंद करावा, फर्नेसजवळचे विजेचे बटण बंद करावे आणि गॅसच्या नळीवरचा दांडा नळीला आडवा करावा. काडी बहुधा एकाच स्क्रूने बसवलेली असते. ती अलगद बाहेर काढून साबण नसलेल्या बारीक स्टील वूलने धातू चकचकीत होईपर्यंत पुसावी. जाड सँडपेपर वापरू नये. त्याने पडलेल्या चरांत पुढचा थर लवकर धरतो. शेजारचा इग्नायटर फार ठिसूळ असतो. त्याला बोट, चिंधी, स्क्रूड्रायव्हर यांपैकी काहीही लागू देऊ नये, कारण दहा मिनिटांचे फुकटचे काम पाहता पाहता नव्या इग्नायटरच्या खर्चावर जाते. काडी पुसूनही तक्रार राहिली, तर अर्थिंग, गॅसचा दाब किंवा बाहीला गेलेला तडा यांची तपासणी तंत्रज्ञाने करावी.

एक विनंती मात्र आहे. फर्नेसने स्वतःला कुलूप घातल्यावर बटण बंद-चालू करण्याआधी, खालच्या दाराला काचेची लहानशी खिडकी असते, तिच्यातून आत लुकलुकणारा दिवा किती वेळा चमकतो ते मोजून ठेवावे. त्या चमकण्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात दिलेला असतो. काही बोर्डांत वीज गेली की ही खूण पुसली जाते आणि तंत्रज्ञाला पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो. आणि दिवसातून चार-चार वेळा तसे बटण दाबत आठवडा काढू नये.

प्रश्न : रात्रभर हिमवादळ झाले आणि सकाळी फर्नेस बंद. छोटा पंखा घरघरतो, पुढे काहीच होत नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : बूट चढवावेत आणि घराला बाहेरून फेरी मारावी. आपल्या फर्नेसमधून पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन नळ्या भिंतीबाहेर निघत असतील, तर ती नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची आहे. एका नळीतून ती हवा घेते, दुसरीतून जळालेले वायू सोडते. वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली यांतली एक जरी गाडली गेली, तरी प्रेशर स्विच साक्ष देत नाही आणि क्रम तेथेच अडतो. बर्फ हाताने किंवा झाडूने बाजूला करावा. फावड्याच्या एका घावात नळीचे तोंड तुटते. नळ्यांची तोंडे अपेक्षित बर्फाच्या पातळीपेक्षा किमान 12 इंच वर असावीत, तेव्हा दरवर्षी हेच घडत असेल तर उन्हाळ्यात त्या उंच करून घ्याव्यात.

नळ्या मोकळ्या असतील तर पाण्याकडे पाहावे. या फर्नेस धुरातली वाफही थंड करून तिची उष्णता वसूल करतात, म्हणून थंडीत त्यांच्यातून सतत आम्लयुक्त पाणी निघते. त्याची निचऱ्याची नळी बाहेर काढलेली असली तर गोठते, आत असली तर कधी शेवाळासारख्या बुळबुळीत गाळाने तुंबते. पाणी आत साठले की लक्षणे अगदी बर्फाने नळी गाडल्यासारखीच दिसतात.

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना सारखा गार वारा लागतो. लवकर तापावे म्हणून ते थर्मोस्टॅट 76 अंश फॅरनहाइटवर नेतात, तरी घर लवकर तापत नाही. फर्नेसमध्ये दोष आहे का? (केरी, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर : थर्मोस्टॅटवर पंख्याचे एक वेगळे बटण असते, ते ऑनवर आहे का ते पाहावे. ऑनवर पंखा अखंड फिरतो, आणि बर्नर विझलेला असतानाही खोलीइतक्याच तापमानाची हवा अंगावर येते. अशी वाहती 70 अंशांची हवा सत्तरीच्या माणसाला पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेसारखी वाटते. बटण ऑटोवर ठेवले की बर्नर तापलेला असतानाच पंखा चालतो. खुर्ची व्हेंटच्या तोंडापासून चार हात दूर सरकवली तर आणखी बरे.

76 चा उपयोग नाही. साधी एकाच टप्प्याची फर्नेस 70 मागितले तरी तेवढ्याच जोराने जळते आणि 76 मागितले तरी तेवढ्याच; फक्त जास्त वेळ जळत राहते. गॅसची शेगडी मोठी-बारीक करायची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय असल्याने हे त्यांना पटायला अवघड जाते. त्यांची खोली गॅरेजच्या वर असेल, तर मात्र ती खरोखरच गार असू शकते, कारण त्या खोलीची जमीनही थंडीत उघडी असते. तेथे गॅरेजच्या छतातले उष्णतारोधक आच्छादन तपासावे.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत आमची फर्नेस थांबतच नाही, तरी घर ठेवलेल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश मागे राहते. एरवी काही तक्रार नाही. (शिकागो)

उत्तर : एरवी तक्रार नसेल तर हा दोष मानू नये. फर्नेसचे आकारमान त्या गावच्या नेहमीच्या कडक थंडीसाठी ठरवतात, विक्रमी थंडीसाठी नव्हे. 30 जानेवारी 2019 रोजी शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर पारा उणे 23 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे 31 सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्या दिवशी शहरातल्या चांगल्या फर्नेसही अखंड चालत होत्या. शेजारच्या मिशिगनमध्ये त्याच दिवशी गॅसच्या एका कॉम्प्रेसर केंद्राला आग लागली आणि रात्री लोकांच्या फोनवर थर्मोस्टॅट 65 पर्यंत खाली आणण्याची विनंती खणखणली, हे तेथील वाचकांना आठवत असेल. विक्रमापुरती मोठी फर्नेस घेतली तर उरलेला सगळा हिवाळा ती चार मिनिटे जळते, विझते, पुन्हा पेटते, आणि अशा धरसोडीत तिचे भाग लवकर झिजतात.

प्रश्न : वार्षिक तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाने हीट एक्स्चेंजरला तडा आहे असे सांगून फर्नेस बंद केली आणि त्याच दिवशी नवीसाठी सही मागितली. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कधीच वाजलेला नाही. विश्वास ठेवावा का? (ब्रॅम्प्टन, ऑन्टारियो)

उत्तर : येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. फर्नेस बंद ठेवावी, आणि सही मात्र करू नये.

तडा खरा असेल तर जळालेले वायू घरातल्या हवेत मिसळू शकतात. त्यांतल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची लक्षणे सर्दी-तापासारखी वाटतात आणि घराबाहेर पडल्यावर कमी होतात. अलार्म वाजला नाही यावर विसंबता येत नाही. अमेरिकेतल्या प्रचलित मानकानुसार हवेत दशलक्ष भागांत 70 भाग एवढा वायू असला, तर अलार्मला वाजायला एक ते चार तासांची मुभा आहे. त्याहून कमी प्रमाण दीर्घकाळ राहिले तर तो गप्प राहू शकतो, आणि कमी प्रमाणही लहान मुलांना, गर्भवतींना, हृदयविकार असलेल्यांना बाधते. अलार्म वाजला, तर खिडक्या उघडत बसण्याऐवजी सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेरून 911 ला फोन करावा. गॅसचा कुजक्या अंड्यासारखा वास आला तरीही तेच करावे, आणि त्या वेळी दिव्याच्या बटणालाही हात लावू नये.

आता सहीबद्दल. तडा दिसला म्हणणाऱ्याला तो दाखवता आला पाहिजे. आरशाने किंवा लवचिक कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे लेखी आकडे मागावेत, आणि नवी फर्नेस विकण्यात ज्याचा लाभ नाही अशा दुसऱ्या परवानाधारक तंत्रज्ञाला पैसे देऊन तपासणी करवून घ्यावी. फर्नेसचा अनुक्रमांक उत्पादकाला कळवून हमीही विचारावी. अनेक उत्पादक हीट एक्स्चेंजरला वीस वर्षे किंवा अधिक हमी देतात. मजुरी सहसा त्यात येत नाही, पण भाग फुकट मिळाल्याने हिशेब बदलतो. फर्नेस अठरा-वीस वर्षांची असेल आणि दोघांनीही तडा दाखवला, तर दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवी घेणे मला योग्य वाटते. तोवर विजेच्या हीटरवर भागवावे. तो थेट भिंतीतल्या जोडणीत लावावा, लांब वायरीवर नाही. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात आणणे म्हणजे ज्या वायूसाठी फर्नेस बंद केली तोच हाताने घरात भरणे होय.

प्रश्न : फर्नेसच्या खोलीत गणपतीचे मखर, रिकामी खोकी वगैरे ठेवली तर चालते का? (डेट्रॉइटचे उपनगर)

उत्तर : बर्नरच्या तोंडाशी थर्माकोल आणि पुठ्ठा नसावा, हे तर उघडच आहे. जुनी, धातूच्या धुराड्याची फर्नेस असेल तर आणखी एक कारण आहे. ती जळण्यासाठी लागणारी हवा त्याच खोलीतून घेते, आणि सर्वसाधारण नियम फर्नेसच्या क्षमतेच्या दर 1,000 बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचे एकक) 50 घनफूट जागा असा आहे. 80,000 बीटीयूच्या फर्नेसला 4,000 घनफूट लागतात. आठ फूट उंचीची दहा बाय दहाची खोली 800 घनफुटांची भरते. उरलेली हवा दाराच्या झडपांतून किंवा भिंतीतल्या जाळीतून येते, आणि नेमक्या त्याच जाळीला टेकवून लोक खोकी रचतात, क्वचित गार हवा येते म्हणून जाळीवर टेपही लावतात. जाळी मोकळी करावी. ब्लीचच्या बाटल्याही तेथून हलवाव्यात, कारण त्यांची क्लोरीनयुक्त वाफ ज्वालेत गेली की हीट एक्स्चेंजर गंजतो. मखराला गॅरेजच्या फळीवर जागा करावी, आणि हे सगळे आवरताना जिन्याजवळचे फर्नेसचे बटण धक्क्याने बंद झालेले नाही ना, ते पाहावे. ते हुबेहूब दिव्याच्या बटणासारखे दिसते. माझ्या येथल्या पहिल्या हिवाळ्यात मी ते दिव्याचे समजून बंद केले होते, आणि एका तंत्रज्ञाने भेटीचे पूर्ण पैसे घेऊन ते पुन्हा चालू करून दिले.